वाघजाईच्या वाटेवर होऊ घातलेले व्याही

मी गिर्यारोहक आहे हे मला माझ्या मुलीच्या बायोडेटावरून कळलं.

त्या वेळी मी भूगावच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्चीवर बसून चहा पीत होतो. बायोडेटात 'वडिलांचा छंद' असा एक रकाना होता (हा कोणी शोधून काढला देव जाणे!) आणि त्यापुढे स्वच्छ टाइपात लिहिलं होतं, 'गिर्यारोहण. अठरा किल्ले सर.'

"सुमन, हे कोण?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही."

"मी कधी चढलो?"

"अहो, मुलाच्या बायोडेटात ट्रेकिंगची आवड लिहिलीय. मग मी इकडे काय लिहू? दुपारची झोप?"

"पण एकदम अठरा?"

"एक-दोन लिहिले असते तर बरं दिसलं असतं का?"

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. लातूरकडची नोकरी संपली आणि आम्ही दोघं लेकीपाशी पुण्याला आलो. पस्तीस वर्षं मी पाणी वरून खाली कसं आणायचं एवढंच पाहिलं. माणसाने खालून वर कसं जायचं, हा विषय आमच्या खात्याकडे नव्हता. लिफ्ट बंद पडली तर मी खाली बाकावर बसून ती सुरू व्हायची वाट बघतो.

पण गोष्ट थट्टेवारी नेण्याची नव्हती. आमची रेवती हिंजवडीला कंपनीत आहे, आणि तीन वर्षं आम्ही तिच्यासाठी स्थळं बघत होतो. काहींना आम्ही पसंत पडलो नाही, काही आम्हाला पसंत पडली नाहीत, आणि उरलेल्यांच्या वेळी मी बोललो. (एका मुलाच्या मामांना मी कालव्याच्या पाळ्या कशा ठरतात हे समजावून सांगितलं होतं. तासाभरानंतर त्यांना अचानक एक महत्त्वाचं काम आठवलं.) त्यामुळे निखिलचं स्थळ आलं, दोघं दोनदा बाहेर भेटली आणि रेवती "बरा वाटतो" म्हणाली, तेव्हा सुमनने देवापुढे दिवा लावला. आणि रेवतीने मला बाजूला घेतलं.

"बाबा, हा मला खरंच आवडलाय. प्लीज, या वेळी काही करू नका."

"म्हणजे नक्की काय करू नको?"

"काहीही!"

कांदेपोह्यांचा कार्यक्रम नको, दोन्ही घरांनी मिळून एका ट्रेकला जाऊ, ही निखिलची कल्पना. ताम्हिणीच्या अलीकडे वाघजाईचा म्हणून एक उंच डोंगर आहे. एक ग्रुप रविवारी तिथे माणसं घेऊन जातो. पुढे वाट दाखवणारे, मागे सांभाळणारे, वर पोचल्यावर पोहे, अशी सगळी सोय. निखिलचे वडील वसंतराव सांगलीचे, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा फोन आला.

"तुमच्यासारखा अनुभवी माणूस बरोबर आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त!"

"छे हो, कसचा अनुभव," मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं मी क्वचित बोललो असेन, पण त्यांनी तो माझा विनय धरला.

बायकांनी तोवर पुढचं ठरवून टाकलं होतं. डोंगरमाथ्यावर देवीची ओटी भरायची आणि पोरं 'हो' म्हणाली की तिथेच देवीसमोर पेढे वाटायचे. पेढे मुलीकडच्यांनी आणायचे की मुलाकडच्यांनी, यावर तीन फोन झाले आणि शेवटी दोघींनीही आणले. अर्धा किलो माझ्या सॅकमध्ये, अर्धा किलो वसंतरावांच्या. ओटीचा खण-नारळही माझ्याच पाठीवर होता.

जानेवारीतला रविवार. सकाळी सात वाजता डोंगराखालच्या शाळेपाशी आम्ही बावीस जण जमलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ग्रुपची लीडर तेजस्विनी नावाची पोरगी होती. गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत.

"नियम एकच! मी सगळ्यात पुढे, बबनमामा सगळ्यात शेवटी. मामांच्या मागे कुणीही राहायचं नाही. कळलं?"

बबनमामा डोंगराखालच्याच गावचे. पन्नाशीचे, सडपातळ, पायात टायरच्या चपला. त्यांनी माझ्या पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासच्या बुटांकडे एकदा बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. नियम शेंबड्या पोराला कळला असता. पण शेंबड्या पोराला व्याही नसतात!

पहिल्याच बांधावर वाट एका माणसापुरती झाली. मी थांबलो. वसंतरावही थांबले.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

"छे छे, आधी तुम्ही."

"असं कसं? वरपक्ष तुमचा."

"पण वयाने तुम्ही वडील."

"फक्त चार महिन्यांनी!"

"चार महिने झाले म्हणून काय झालं? मान तो मान."

"आवं, कुनीबी व्हा की!" मागून बबनमामा ओरडले. "मानसं खोळंबल्याती!"

मुलीचा बाप होणाऱ्या व्याह्याच्या पुढे जातो? आमच्याकडे ही रीत नाही. आणि तिकडे सांगलीकडेही ती नसावी, कारण वसंतरावही हटेनात. शेवटी आम्ही दोघांनी एकदम पाऊल टाकलं आणि बांधावर खांद्याला खांदा लागून अडकलो. पुढे कारवीच्या झुडपांत तेच झालं. पुढे ओढ्याच्या दगडांवर तेच. कातळातल्या पायऱ्यांशी आलो तेव्हा "आधी तुम्ही"ला कंटाळून पंचवीस वर्षांची एक मुलगी "एक्सक्यूज मी काका" म्हणत आमच्या दोघांच्या मधून निघून गेली, तिच्या मागून तिची मैत्रीण गेली, मग सगळा ग्रुप गेला. रेवतीने जाताना माझ्याकडे असं बघितलं की मी पटकन बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. आता मागे फक्त बबनमामा उरले होते. त्यांची तंबाखू संपली होती.

इतक्यात वसंतराव कानाशी येऊन म्हणाले, "मी जरा आडोशाला जाऊन येतो."

होणाऱ्या व्याह्याला अशा प्रसंगी एकटं सोडणं मला प्रशस्त वाटेना. "मीही येतो, सोबत," मी म्हणालो. तेवढ्यात वरून तीन शिट्ट्या झाल्या. कुणाचा तरी पाय मुरगळला होता आणि मामांना बोलावणं आलं.

"तुमी दोगं हितंच थांबा," मामा म्हणाले. "हालू नका. मी आलूच."

"अहो मामा, आमची काळजी नको," वसंतराव म्हणाले. "मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय. आणि हे," माझ्या पाठीवर थाप मारून, "यांनी अठरा किल्ले केलेत!"

मामांनी पुन्हा एकदा माझे बूट पाहिले. "आसंल. पर हालू नका."

आम्ही हललो नाही. चांगली सात मिनिटं हललो नाही!

मग वसंतराव म्हणाले, "निघायचं का?"

आता हे त्यांनी का विचारलं? मला वाटलं, भूगोलाचा माणूस, याला वाट ठाऊक आहे. आपण नको म्हटलं तर म्हणेल, अठरा किल्लेवाला दमला. त्यांना वाटलं (हे मला नंतर कळलं), अनुभवी माणूस सोबत आहे, आपण बसून राहिलो तर म्हणेल, प्राध्यापक पुस्तकी निघाला.

"चला की!" मी म्हणालो.

वीस पावलांवर वाटेला फाटा फुटला. एक वाट डावीकडे, एक सरळ. वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. अनुभवी लोक अशा वेळी आकाशाकडे बघत असावेत असा माझा अंदाज होता.

"तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, नाही. तुम्ही म्हणाल तसं."

तेवढ्यात वाळक्या गवतावरून माझा पाय घसरला आणि मी डावीकडच्या वाटेवर चार हात खाली जाऊन बसलो.

"मलाही अगदी तेच वाटत होतं!" वसंतराव आनंदाने म्हणाले आणि माझ्या मागून आले.

पुढचा दीड तास आम्ही चाललो. वाट रुंद असली की शेजारी शेजारी, अरुंद असली की "आधी तुम्ही" करत. वसंतराव मधे मधे दगडाला हात लावून "हा बेसॉल्ट!" म्हणायचे. मी "वा!" म्हणायचो. थोड्या वेळाने पुन्हा एक दगड यायचा. तोही बेसॉल्टच निघायचा. मग वाटेवर लेंड्या दिसू लागल्या.

"ही माणसांचीच वाट आहे ना हो?" वसंतरावांनी विचारलं.

"लेंड्या आहेत म्हणजे वर्दळ आहे," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. माझ्या अनुभवावर त्यांचा इतका विश्वास होता की मलाच थोडा बसायला लागला.

आणि आम्ही माथ्यावर पोचलो! घामाने निथळत, पण पोचलो. मी हात वर करून "वाघजाई माते की..." अशी आरोळी ठोकली आणि थांबलो, कारण 'जय' म्हणायला तिथे कोणी नव्हतं. देऊळ नव्हतं. ग्रुप नव्हता. पोहे नव्हते. समोर दरी होती, आणि दरीपलीकडे आमच्याहून बराच उंच असा दुसरा एक डोंगर होता. त्याच्या माथ्यावर भगवा झेंडा फडकत होता आणि झेंड्याखाली रंगीबेरंगी ठिपके हालत होते. त्यांतला एक लाल ठिपका जोरजोरात हात हलवत होता.

"कोण असतील हो ते?" वसंतराव म्हणाले.

"दुसरा ग्रुप दिसतोय. माणसं प्रेमळ आहेत."

आम्हीही हात हलवला. (तो लाल ठिपका म्हणजे सुमन होती. तिने माझी पांढरी टोपी ओळखली होती, आणि ती जे ओरडत होती ते ऐकू आलं नाही हे फार बरं झालं.)

मग वसंतरावांनी माथ्याला एक चक्कर मारली.

"आपली देवी कुठाय?"

मी झेंड्याकडे बोट दाखवलं. फोन काढले. दोघांच्याही फोनला रेंज नव्हती. अकरा वाजले होते आणि पोटात कावळे कोकलत होते. नाश्ता त्या डोंगरावर, आम्ही या डोंगरावर. माझ्या पाठीवर देवीचा नारळ होता, पण देवीच्या नारळाला हात कसा लावायचा? उरले पेढे.

"एकेक घ्यायला हरकत नसावी," मी म्हणालो.

"आधी तुम्ही."

"नाही, आधी तुम्ही!"

पहिल्या पेढ्याला पाच मिनिटं गेली. नंतरच्यांना इतका वेळ लागला नाही. माझा डबा संपला तेव्हा वसंतराव संकोचाने म्हणाले, "आता आमचा उघडला नाही तर बरं दिसणार नाही. बरोबरीचा मान आहे." मला त्यांचं म्हणणं पटलं. दुसरा डबा तळाला लागत आला होता, तोच झुडपांतून शेरडांचा घोळका आला आणि त्यांच्या मागून एक बाई आली. साठीची, नऊवारी नेसलेली, डोक्याला फडकं, हातात काठी. ठकूबाई तिचं नाव, खालच्या धनगरवस्तीवरची.

"पाव्हनं, हितं काय करताय?"

"वाट चुकलो, बाई. वाघजाईला निघालो होतो."

"वाघजाई तकडं! ह्यो डोंगुर येगळा. हितं कोन येत न्हाई शेरडांबिगर. कुनाच्या मागनं आलाय?"

"यांच्या," वसंतरावांनी माझ्याकडे बोट केलं.

"आन् तुमी?"

"यांच्या," मी वसंतरावांकडे बोट केलं.

ठकूबाईने आम्हा दोघांकडे पाहिलं, मग शेरडांकडे पाहिलं. "माजी शेरडंबी आसं करत न्हाईत गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिची नजर डब्यांकडे गेली.

"पेडं कसलं?"

"सोयरिकीचे," वसंतराव म्हणाले. "माझा मुलगा, यांची मुलगी."

"व्हय? ठरली म्हना सोयरीक!"

"अजून नाही," मी म्हणालो. "आज ठरायची होती. त्या डोंगरावर."

"आन् ठरायच्या आदीच पेडं खाल्लं?"

वसंतरावांनी डब्याचं झाकण लावलं.

"आता पोरगी न्हाई म्हनली, तर वकून देनार हाय काय?"

खरंच घाबरलो मी. पोरीने एकच गोष्ट मागितली होती, काहीही करू नका. आणि मी काय केलं होतं? होणाऱ्या सासऱ्याला घेऊन भलत्याच डोंगरावर आलो होतो आणि तिच्या लग्नाचे पेढे खाऊन बसलो होतो! मोडलं हे स्थळ. माझ्यामुळे मोडलं. मला राहवेना.

"वसंतराव, एक सांगतो. मी एकही किल्ला चढलेलो नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "एकही नाही?"

"एकही नाही."

"मग आपण आलो कुणाच्या भरवशावर?"

"तुमच्या! तुमचा भूगोल!"

"अहो, मी मानवी भूगोल शिकवायचो!" ते जवळजवळ ओरडले. "लोकसंख्या! स्थलांतर! नकाशे पोरं काढायची!"

"मग तो बेसॉल्ट?"

"ह्या भागात कुठल्याही दगडाला बेसॉल्ट म्हटलं की चालतं हो!"

"भांडन खाली गेल्याव करा," ठकूबाई म्हणाली. "आता माज्या मागनं या. दोगंबी! आन् म्होरं कोन, मागं कोन, ह्ये मी सांगनार."

आम्ही आलो. ती सांगेल तसं, शेरडांच्या मागून, निमूट. वसंतराव वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मीही कालव्याचा विषय काढला नाही.

दीड वाजता शाळेपाशी पोचलो. ग्रुप खाली आला होता. शाळेच्या ओसरीवर एका टोकाला सुमन बसली होती आणि दुसऱ्या टोकाला वसंतरावांच्या पत्नी, शैलावहिनी. दोघींची तोंडं दोन दिशांना. वर काय झालं ते तेजस्विनीने सांगितलं. पाय मुरगळलेल्याला हात देत मामांना थेट वरच जावं लागलं, आणि माथ्यावर मोजलं तर दोन माणसं कमी. बबनमामा आम्हाला सोडलं होतं त्या जागी बघायला गेले. आणि आम्ही प्रेमाने हात हलवला त्या डोंगराकडे रेवती आणि निखिल आम्हाला शोधायला धावले. ठकूबाईने आम्हाला वेगळ्या वाटेने उतरवल्यामुळे त्यांची आमची चुकामूक झाली होती. मामा हात हलवत परत आले, पोरं अजून परतली नव्हती.

"तुमच्या अनुभवी माणसाने आमच्या ह्यांना कुठे नेलं होतं?" शैलावहिनींनी तोंड उघडलं.

"तुमचे भूगोलाचे होते ना बरोबर?" सुमन उसळली. "त्यांना दिशा कळत नाहीत?"

"दोन तास जीव टांगणीला लागला माझा! असल्या घरात सोयरीक करायची म्हणजे..."

"म्हणजे काय? बोला की!"

शैलावहिनींनी वाक्य पुरं केलं नाही, पण ते कसं पुरं होणार हे आम्हा सगळ्यांना कळलं. मी खाली मान घालून बसलो. बबनमामा येऊन शेजारी उकिडवे बसले आणि हलकेच म्हणाले, "हालू नका म्हनलं हुतं." एवढंच. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात बांधावरून पोरं आली. धुळीने माखलेली, घामेजलेली, हातांवर कारवीचे ओरखडे. मला बघताच रेवती धावत आली, माझ्या गळ्यात पडली, आणि लगेच बाजूला होऊन कडाडली, "बाबा! तुम्हाला सांगितलं होतं ना काही करू नका म्हणून?"

"मी काहीच केलं नाही गं. मी फक्त यांच्या मागे गेलो."

"आणि मी यांच्या," वसंतराव म्हणाले.

निखिल पुढे आला. एकदा आईकडे, एकदा सुमनकडे बघून म्हणाला, "तुमचं भांडण चालू असेल तर नंतर सांगतो. पण आमचं ठरलंय."

मग सुमन ताडकन उठली. "अगं बाई! पेढे! अहो, पेढे काढा!"

"आमचेही काढा!" शैलावहिनी दुसऱ्या टोकाकडून धावल्या.

आम्ही दोघांनी डबे काढून दिले. माझ्या डब्यात फक्त कागद होता. वसंतरावांच्या डब्याच्या कोपऱ्यात अर्धा पेढा चिकटलेला होता.

"दोगांनी मिळून किलोभर हाणलं," ठकूबाईने कारण नसताना साक्ष दिली.

तो अर्धा पेढा दोघींनी पोरांच्या तोंडाला लावला. शैलावहिनींना आधी हसू फुटलं, मग सुमनला, आणि मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की त्यांचं भांडण होतं हे त्यांनाच आठवेना. मला मात्र चैन पडेना. मी रेवतीला विचारलं, "पण ठरलं कसं? आम्हाला शोधता शोधता?"

"हो. बाबा, दोन तासांत हा एकदाही 'मला वाट माहितीय' असं म्हणाला नाही. प्रत्येक फाट्यावर थांबून कुणाला तरी विचारायचा. गवत कापणाऱ्या मावशींना विचारलं, लाकडं आणणाऱ्या आजोबांना विचारलं. एका ठिकाणी विचारायला कोणीच नव्हतं, तर परत मागे आला, विचारलं, मग पुढे गेला. मी तिथेच ठरवलं."

"शेवटी मुलगा कुणाचा आहे!" वसंतराव छाती फुगवून म्हणाले.

"ते मी पोटात घातलं, काका," रेवती म्हणाली.

तीन वर्षं मी या पोरीच्या लग्नासाठी काय काय केलं! पत्रिका जुळवल्या, फोटो पाठवले, लांबच्या नातेवाइकांना फोन केले, पाहुण्यांना पाटबंधाऱ्याची सगळी माहिती दिली. त्यातलं कामी आलं ते एवढंच, की मी वेळेवर हरवलो.